हिंदुरावांच्या खुर्चीतली गिटार

हो, शुद्धीवर आहे, वकीलसाहेब. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय, तो सोबत जोडा. माझ्यावर कुणाचा दाब नाही, धाक नाही. धाक मीच घालते, शेजारी विचारून घ्या. आणि मी बोलते तसंच लिहा. 'सदरहू'बिदरहू घातलंत तर सही येत असून अंगठा उठवीन.

मी मैना हिंदुराव बेल्हेकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार कर्वेनगर, पुणे. शिक्षण मांजरी गावच्या शाळेत सातवीपर्यंत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

कर्वेनगरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो आणि बँकेतली ठेव माझा मुलगा विक्रम याला. हॉलमधला पंखा खडखडतो. त्याच्या खडखडीवर आमच्या यांनी एक चाल बांधली होती, म्हणून तो बदलू नये. पण विक्रम बदलेल.

मांजरीच्या जमिनीतला आमचा वाटा दीर भैरू कसतात, तो त्यांनाच राहू द्या. यांनी ऊस सोडून गिटार धरली तेव्हा भैरूभावजी भर पंगतीत म्हणाले होते, "वहिनी, या तुणतुण्यावर चूल पेटती का बघा." पेटली. म्हणून जमिनीसोबत भावजींना यांच्या सगळ्या रेकॉर्डी द्याव्यात. वाजवायचं यंत्र देऊ नये.

हे तरुणपणी कँपातल्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचे. मालकाला पाटीवर हिंदुराव शोभेना, त्यानं 'हेन्री राव' लिहिलं. मी पहिल्यांदा ऐकायला गेले आणि दारात म्हणाले, "हेन्रीची बायको आलीय म्हणावं." दारवान माझं नऊवारी लुगडं बघतच राहिला. पुढं यांनी स्वतःच्या चाली बांधल्या, परदेशात जाऊन वाजवल्या. जॅझ म्हणजे काय, ते मला यांच्याकडूनच कळलं: ओळखीच्या चालीतून मुद्दाम रस्ता चुकायचं आणि वेळेवर परत यायचं. चालीत हे वेळेवर यायचे. घरी नाही.

मग यांचा डावा हात लुळा पडला. उजवा शाबूत होता. हे खुर्चीत गिटार घेऊन बसायचे, मी डावीकडे स्टुलावर. तारा हे छेडायचे, दांडीवर बोटं माझी. "मैना, खाली. अजून खाली. आता सोड." शेवटची रेकॉर्ड अशीच घरी झाली. यांचा शिष्य फैझल सोडला तर कुणाला माहीत नव्हतं. पेपरात छापून आलं, रावांचा डावा हात आता खरा पिकलाय. हे दिवसभर हसत होते. ते कात्रण माझ्यासोबत जाळावं.

आता गिटार. विक्रमनं ती परस्पर एका हॉटेलाला द्यायचं कबूल केलंय. ते तिला काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवणार. तसं होता कामा नये. गिटार यांनी हयातीतच मला दिलीय. ती मी फैझलला देते, खुर्ची आणि स्टुलासकट.

फैझललाच का, तर त्यानं बघितलंय. हे गेल्यावरही मी रोज दुपारी गिटार यांच्या खुर्चीत टेकवते, स्टुलावर बसते आणि डावा हात दांडीवर ठेवते. एकदा फैझल न सांगता आला आणि दारातच थांबला.

"काकू, तुमचा उजवा हात..."

"चहा पितोय. दिसत नाही का?"

बशी माझ्या हातात होती. तारा वाजत होत्या. चाल नवीन होती, यांच्या कुठल्याच रेकॉर्डीत नसलेली. फैझल भिंतीला टेकून खाली बसला. संपल्यावर एवढंच म्हणाला, "सर असं कधी वाजवत नव्हते."

"आता वाजवतात," मी म्हटलं. "आता वेळ आहे."

विक्रम घरात असला की वाजत नाही. बापलेकाचं आधीही जमत नव्हतं. त्यामुळे त्याला मी वेडी वाटते. डॉक्टरांचा दाखला त्याच्यासाठीच आहे.

फैझलला अटी अशा. रोज दुपारी स्टुलावर बसावं. डाव्या हातानं दांडीवर तारा दाबून धराव्यात, उजवा मांडीवर ठेवावा. बोटांवर गार काही टेकलं तर हात ओढून घेऊ नये, यांचाच हात असतो, बोट जागेवर बसवतो. आणि एकच तार पुन्हा पुन्हा वाजायला लागली तर ती मला हाक असते. तेव्हा "काकू मांजरीला गेल्यात" एवढंच सांगावं. जास्त बोलू नये.

हे सगळं वकीलसाहेबांनी, म्हणजे ॲड. प्रज्ञेश यांनी पार पाडावं. त्यांना फी मिळेलच. शिवाय आज तीन वेळा घाम पुसलाय, त्याबद्दल माझा टेबलपंखा.

मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मी दोघा साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

सही: मैना हिंदुराव बेल्हेकर

साक्षीदार:
१. दुर्गाबाई शिरोळे, शेजारीण
२. डॉ. बुद्धभूषण ओव्हाळ

सहीखाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे इथं, माझ्या हातानं. त्या शेवटच्या दुपारी वाजवता वाजवता यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. अंग गार पडत गेलं. चाल थांबली नाही, म्हणून मीही हात काढला नाही. हे गेलेत, ते मी यांना अजून सांगितलेलं नाही.