बॅटरी बदलेपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार
आणि वर दादा म्हणतो, बसून तर असतोस! बसून! अख्खा फोन त्यातच गेला. त्याचं तेच तुणतुणं — बारक्याला तिकडे बोलावून घे. कॉलेजची फी मी कुठून आणू? तू दे, नाहीतर त्याला ने. मी म्हटलं, अरे, माझा करार याच महिन्यात संपतोय, मी सुटतोय इथून, आणि तू धाकट्याला अडकवतोस? तर म्हणे, "सुटून काय करणार? सातवी नापासाला इथे कोण खुर्ची टाकून बसलंय?"
फोन ठेवला. मीच ठेवला. मागे बारक्या ओरडत होता, "भाऊशी मला बोलू दे!" राहूनच गेलं.

४ फेब्रुवारी
दादाला एकदा माझ्या खिडकीशी उभं करायला पाहिजे. गोदामातली हातातली मशीनं — सगळे स्कॅनर म्हणतात, पण आत अख्खा कॉम्प्युटर असतो — पाळी सुटली की माझ्यासमोर ढिगाने येतात. बॅटरी काढ, टोकांवरचा मळ पूस, चार्जरच्या खाचेत बसव. फुगलेली दिसली की वेगळी काढ, ती घात करते. शीतघरातून आलेली गार बॅटरी लगेच लावली तर चार्जर लाल दिवा दाखवतो. मग माझ्या जोडीदाराच्या पाळीत लोक ती "मेली" म्हणून डब्यात टाकतात. मेली कसली! गारठलीय नुसती. आज डब्यातून काही उचलल्या, टेबलावर ठेवल्या, जेवून आलो नि लावल्या. एक सोडून सगळ्यांनी चार्ज घेतला.
हे काम नाही म्हणे.

७ फेब्रुवारी
पैलवानाचं लिहायचं राहिलं होतं. नाव पैलवान, अंगावर मूठभर मांस नाही. शीतघरात खोकी मोजतो, दिवसपाळी. पोरगा त्याच कामावर, रात्रपाळी. दोघांत एक कॉट. बाप उठला की पोरगा आडवा. स्कॅनरही दोघांत एकच. भेट काय ती माझ्या खिडकीवर, स्कॅनर हातबदल होताना. बॅटरी बदलेपर्यंत.
"जेवलास?"
"हो."
"खोटं."
"जेवलो हो बाबा!"
"मफलर कुठाय?"
"आहे."
"कुठे आहे?"
"असेल की कुठेतरी."
आणि पैलवान काय करतो — बॅटरी बसतच नाही असं दाखवतो! उलटी धरतो, फुंकर मारतो, शर्टाला पुसतो. इतकी वर्षं हेच मशीन हाताळलेला माणूस! मला डोळा मारतो. मी आपला दुसरीकडे बघतो.

८ फेब्रुवारी
तो पोरगा बारक्याएवढाच. बारावीला चांगले मार्क होते म्हणे. पुढे विचारलं नाही.

१० फेब्रुवारी
खोलीतले मेले "नवरदेव निघाला" म्हणून चिडवतात. बॅग उघडून बसतो म्हणून. बसू दे की! माझी बॅग आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
वाईट झालं.
शीतघरात सिग्नल नसतो. रात्रभर मोजलेलं सगळं मशीनमध्येच साठून राहतं. बाहेर आलं की आधी ते पाठवायचं, मग बॅटरीला हात लावायचा. बॅटरी काढली तरी मशीनच्या पोटात एक बारकीशी बॅटरी असते, ती थोडा वेळ सगळं धरून ठेवते. तेवढ्यात दुसरी बसवायची. पैलवानाला हे माझ्याआधीपासून ठाऊक.
पण सकाळी पोरगा आला तो रडतच. बोटं बधिर. "बटण दाबलेलं कळत नाही बाबा." पाठवायचं राहिलं. पैलवानानेही विचारलं नाही, सवयीने बॅटरी काढली, काखेत धरली आणि पोराची बोटं चोळत बसला. एकेक बोट. तोंडाने वाफ देत. मी समोरच. म्हणायला हवं होतं — पैलवान, वेळ होतेय. 
मशीन सुरू केलं तर कोरं. सबंध रात्रीची मोजणी गेली.
पैलवान मला म्हणाला, "माझ्या हातून गेलं म्हणून सांग. त्याचं नाव घेऊ नकोस." तसंच सांगितलं.

१३ फेब्रुवारी
साहेब आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. "एका घरचे दोघं एका मशीनवर नकोत." पोराला दुसऱ्या गोदामात टाकलं, पार शहराच्या त्या टोकाला. राहायचंही तिकडेच. पैलवान म्हणाला, "बरं साहेब." एवढंच.
जाता जाता साहेब माझ्याकडे वळले. "तुझं काय? राहणार असशील तर आगाऊ रक्कम देतो. आणि शीतघरात जागा झालीय. घरचं कोणी आहे का?"
म्हटलं, कोणी नाही.

१४ फेब्रुवारी
आज पैलवानाने बॅटरी बदलली. एका झटक्यात बसली.

१९ फेब्रुवारी
बारक्याचा फोन! दादाच्या मोबाइलवरून, चोरून.
"भाऊ, मी येतोय. दादाने एजंटाकडे नाव घातलं. पंचवीस तारखेला पैसे भरायचेत, तो कर्ज काढतोय."
"आणि कॉलेज?"
"फी भरली तर कॉलेज! तुझ्यासारखी खिडकी मिळेल ना मला?"
"खिडकी नाही मिळत. शीतघर मिळतं."
"मग काय झालं! स्वेटर आणतो. एका खोलीत राहू, धमाल करू."
"पुस्तकं कुठायत?"
म्हणाला, "दादाने रद्दीत नाही घातली अजून." आणि हसला. मीही हसलो. काय करणार?

२१ फेब्रुवारी
पैलवानाला विचारलं, पोरगा फोनवर काय म्हणतो?
"फोन लागतोय कुठे! मी उठतो तेव्हा तो शीतघरात. तो उठतो तेव्हा मी आत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू चाललास ना घरी? जा. लवकर जा बाबा."

२२ फेब्रुवारी
झोप नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
सही केली. आणखी तीन वर्षं. दादाला सांगितलं, एजंटाच्या हातात एक पैसा द्यायचा नाही, उद्या सकाळी बारक्याला घेऊन कॉलेजात जायचं. आगाऊ मिळाले ते सगळे पाठवले. बेचाळीस हजार.