उशिराची काळी, अर्धा एकर

३ जानेवारी, सकाळ.
सुनेचा खोकला कसा आहे? कमी आहे. मुलाची पाठ? तो म्हणतो ठीक, पण बूट घालताना भिंत धरतो. कुत्र्याचा पाय? लंगडतो, फक्त कुणी बघत असलं की. माझे गुडघे? उत्तम. आणि तुझं कसं

हे शेवटचं खोडलं. सवयीने आलं. मी शाळेत गेलो नाही. घरी आलेली पत्रं उतरवून काढत लिहायला शिकलो, त्यामुळे काहीही लिहायला बसलो की हात आधी सगळ्यांची तब्येत विचारून घेतो. ही रोजनिशी आहे. कामापुरती. कुणाला पाठवायची नाही.

काम असं. बागायतदार संघ आपल्या भागातल्या द्राक्षबागांची मोजणी करतोय. कोणत्या वाणाखाली किती एकर, एवढंच. त्यासाठी एक मुलगी आली आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात चिखलाची पर्वा नसलेले बूट. मी तिला सांगितलं, हिवाळ्यात पानं नसतात, तू वाण ओळखणार कसा? ती म्हणाली, मालकांना विचारून. मला हसू आलं. मालकांना काय कळतं. आयुष्यभर या सगळ्यांच्या बागा छाटल्या मी. नुसती वाळकी काडी दाखवा, सालीचा रंग, पेराची लांबी, डोळ्याचं टोक, एवढ्यावर वाण सांगतो. तिने मला सोबत घेतलं. आठवड्यात आमची बाजू संपवायची, असं ठरवलं.

एक गोष्ट तिने सहज सांगितली ती मात्र नीट लिहून ठेवतो. ज्या वाणाखाली यंदा कुठेच जमीन निघणार नाही, तो यादीतून जाणार. यादीत नाही त्याचं कलम रोपवाटिका पुन्हा बांधणार नाही.

उशिराची काळी आता फक्त आमच्याकडे आहे. विहिरीखालचा अर्धा एकर. आमच्या हिने लावलेली.

३ जानेवारी, संध्याकाळ.
मुलाशी बोललो. त्याला तिथे बिनबियांची पांढरी लावायची आहे. नवे खांब सांगून झाले. त्याचं म्हणणं, विहिरीखालची बाग मेली आहे, आई गेल्यापासून दोन उन्हाळे एक पान नाही. मी म्हटलं, झोपली आहे. तो म्हणाला, बाबा, झोपायलाही काही सुमार असतो. सून मधे पडली. शेवटी ठरलं, मोजणीवाली बघून जाईपर्यंत बागेला हात लावायचा नाही. जिवंत निघाली तर राहील. मेली निघाली तर ट्रॅक्टर.

मला काळजी नाही.

५ जानेवारी.
पहिला दिवस झकास. पाच बागा पाहिल्या, पाचही वाण न अडखळता सांगितले. त्यातले दोन मालकाच्या सांगण्याशी जुळले. बाकी तिघे मालक चुकले. एक तर रोपाची पावती घेऊन आला. पावती काय, कुणीही फाडतं.

शेवटच्या बागेत धुकं होतं. पलीकडच्या ओळीत कात्री चालत होती. कट्, मग थांबून कट्, कट्. आमची ही अशीच छाटायची. एक काप, मग विचार, मग दोन. मी विचारलं, पलीकडे कोण आहे? मुलगी म्हणाली, कुणी नाही आजोबा. मीच बोललो मग, तार खांबाला लागत असेल. थंडीत तार आखडते. शास्त्रीय कारण आहे.

९ जानेवारी.
मोठी बातमी. उशिराची काळी संपलेली नाही! शेजाऱ्याच्या बागेत सापडली, दोन एकर. टेकडीखाली तीन. रस्त्याकडेला आणखी. मी तर धडाधड सांगत सुटलो. माझ्या हिशेबाने अकरा एकर झाली. मुलीच्या टॅबमध्ये शून्य. तिने शेजाऱ्याला बोलावलं. या शेजाऱ्याला आम्ही ‘उद्या’ म्हणतो, कारण काहीही मागितलं की तो उद्या देतो. उद्या म्हणाला, ती मी कधीच उपटली, ही पांढरी आहे, तुम्हीच तर छाटता दरवर्षी. मी म्हटलं, म्हणूनच मला माहीत. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, दादा, चहा घेऊन जा. चहा लगेच दिला. याच गोष्टीने मला जरा धास्तावल्यासारखं झालं.

१० जानेवारी.
गेलो नाही. गुडघे. (उत्तम आहेत, पण विश्रांती हवी.)

१२ जानेवारी.
एकटाच विहिरीखाली जाऊन आलो. थर्मास नेला. सुनेने विचारलं, बाबा, दोन कप कशाला. मी म्हटलं, एक सांडला तर.

बाग छान आहे. ओळी सरळ. हिची टोपी अजून कोपऱ्यातल्या खांबावर आहे. ऊन-पावसाने तिचा रंग गेला आहे. लांबून बघितलं की खांब वाकून काहीतरी करतोय असं वाटतं. मी काही असल्या गोष्टी मानत नाही. तरी जाताना खाकरून गेलो. कुणी कामात असेल तर दचकू नये.

तिच्या चिंध्याही जागेवर आहेत. वेली तारेला बांधायला ही विकतची दोरी वापरायची नाही. जुने कपडे फाडून पट्ट्या करायची. दोरी काचते, कापड सोडतं, असं तिचं म्हणणं. माझा निळा सदरा बराचसा त्या अर्ध्या एकरात आहे. सदरा चांगला होता. तेव्हा मी दोन दिवस बोललो नव्हतो. गाठ तिचीच, एक फास आणि एक पीळ, दुसऱ्या कुणाला सुटत नाही.

दुसरा कप गार झाला. ओतून दिला. वेलीच्या बुडाशीच ओतला, वाया गेला नाही.

२० जानेवारी.
मोजणीवाली विहिरीखाली आली. फार नम्र पोरगी. म्हणाली, आजोबा, एक काडी कापून बघूया? आत हिरवी आहे की नाही तेवढं कळेल. मी नाही म्हटलं. कारणं दिली ती अशी: धुक्यात जखम बरी होत नाही. कात्रीला धार नाही. आणि जमीन उबदार झाली की कापलेल्या काडीतून आपोआप पाणी ठिबकतं, तेव्हा काय ते कळेलच, आत्ता वेलीला उगाच कशाला उठवा. शेवटचं कारण खरं आहे. पहिली दोनही वाईट नव्हती.

ती म्हणाली, बरं, पाणी चढलं की कापू.

जाता जाता तारेवरच्या निळ्या गाठीला तिने बोट लावलं. काही विचारलं नाही. मला ते आवडलं नाही.

११ फेब्रुवारी.
शेजारच्या उद्याच्या बागेला पाणी सुटलं. छाटलेल्या प्रत्येक टोकाला थेंब. ओळीतून चाललो तर खांदे भिजले. वेली रडायला लागल्या म्हणतात याला, पण हे आनंदाचं लक्षण असतं. सगळ्या बागा ठिबकतायत. उद्या सकाळी कात्री घेऊन विहिरीखाली जायचं. पक्कं.

१२ फेब्रुवारी.
कात्रीला धार लावली.

१३ फेब्रुवारी.
धार जास्त झाली. अशा कात्रीने जुनी वेल कापू नये.

१७ फेब्रुवारी.
कुंपणापर्यंत गेलो. आतून कट् ऐकू आलं. आज वारा नव्हता. म्हणजे तार नसावी. पण मग मी कशाला जाऊन कापू? तिचं चाललंय ते चालू दे.

वाचून पाहिलं. ‘तिचं’ म्हणजे तारेचं. तार हा शब्द स्त्रीलिंगीच आहे.

२ मार्च, दुपार.
फुटली!

विहिरीकडून तिसरी ओळ. हिरवे फुटवे, एक नाही, चांगले मूठभर. पुढच्या वेलीलाही. जवळजवळ निम्म्या ओळी जाग्या झाल्यात. मी कुंपणावरून ओरडलो तर मुलगा पाठ धरून पळत आला. बघितलं. खिशातून फोन काढून नव्या खांबांची ऑर्डर थांबवली. माझा मुलगा वाईट नाही. सुनेने हातातला झाडू टाकून माझा हात धरला.

मी त्या सगळ्यांना सुनावलं. सौम्यपणे. म्हटलं, ज्याला वेल कळते त्याला वाट बघता येते. मोजणीवालीला फोन केला. म्हटलं, लिही, अर्धा एकर. ती म्हणाली, आजोबा, येते मी, बघते. म्हटलं, बघायचं काय त्यात? पण ये.

टोपी झटकून परत खांबावर ठेवली.

६ मार्च.
ती आली. मुलगा, सून, उद्या, सगळे जमले होते. मीच जमवले होते.

ती गुडघ्यावर बसली आणि वेलीच्या बुडाची माती हाताने बाजूला करू लागली. मी म्हटलं, पानं वर आहेत, खाली काय शोधतेस. ती करत राहिली. मातीखाली कलमाची गाठ निघाली. गाठीच्या वर काळं, कोरडं लाकूड. फुटवे सगळे गाठीच्या खालून.

खालून म्हणजे खुंटाचे. द्राक्षाची वेल आपल्या मुळांवर उभी नसते, रानवेलीच्या खुंटावर हवा तो वाण बांधलेला असतो. वरचं मेलं की खालचं रानटी फुटतं. पान लहान, चकचकीत, फळ काही कामाचं नाही. हे मला माहीत आहे. या भागातल्या प्रत्येक माणसाला मीच शिकवलंय, खुंटाची फूट दिसली की अंगठ्याने खरडून टाका. उद्याला शिकवलं. मुलाला शिकवलं. उजेड डोळ्यावर होता त्या दिवशी, म्हणून.

मग मीच कात्री घेतली आणि हिच्या वेलीचा मोठा फाटा कापला. कट्. आत तपकिरी. एक थेंब नाही. दुसरी कापली. तिसरी. मुलाने हळूच हातातून कात्री घेतली.

मी मुलीला म्हटलं, बरं, हे जाऊ दे. पण बाकीची अकरा एकर आहे ना? टेकडीखालची, रस्त्याकडेची, याच्याकडची. ती मी काडीवरून ओळखली आहे.

ती उठली. हात पुसले. म्हणाली, “आजोबा, तुम्ही काडी बघतच नव्हता. चिंध्या बघत होता.”

तिने टॅबवरचे फोटो दाखवले. मी जिथे जिथे उशिराची काळी म्हटलं, तिथे तिथे तारेवर गाठ. निळी, विटकी पांढरी, सुनेच्या जुन्या पडद्याची. एक फास, एक पीळ. वेली कधीच बदलल्या होत्या, तारा तशाच होत्या. उद्या म्हणाला, वहिनी बांधणीला सगळीकडे जायच्या. आमच्यात ती गाठ कुणाला सुटत नाही म्हणून राहिली. खरं तर सोडली नाही कुणी.

मग मुलीने विचारलं, या वाणाची काडी कधी कुणाला दिली होती का? दिली होती, मुलगा म्हणाला. आई सगळ्यांना द्यायची. पाहुणा आला की ओल्या फडक्यात गुंडाळून काडी. रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा. कुणाला ते मात्र तिलाच ठाऊक. मुलगी म्हणाली, महिनाअखेर यादी बंद होते. कुठेही, कुणाच्या दारात एक जिवंत वेल निघाली तरी मी लिहीन. एक पुरते.

मुलाने खांबांचं काही काढलं नाही. ट्रॅक्टरचंही नाही. मीच म्हटलं, बोलाव. तो म्हणाला, बाबा, महिना तर संपू दे.

७ मार्च, सकाळ.
सुनेचा खोकला गेला. मुलाची पाठ त्या दिवशी पळत आला तेव्हापासून जास्त आहे, पण कबूल करत नाही. कुत्र्याचा पाय बरा आहे, काल सगळे विहिरीखाली होते तेव्हा कुणी बघत नव्हतं, धावत होता. माझे गुडघे ठीक नाहीत. आणि तुझं कसं आहे?

हे खोडत नाही.

सकाळी खुंटाची फूट खरडायला गेलो होतो. अंगठा टेकवला आणि राहू दिली. मुळं चांगली धरलेली आहेत. अजून कलमाचे दिवस आहेत. खुंट जिवंत आहे, फक्त वर बांधायला काडी हवी. बोटभर, दोन डोळ्यांची. बांधायला माझा तपकिरी सदरा काढून ठेवला आहे, मी काही बोलणार नाही.

आज टेकडीपलीकडे जाऊन दारोदार विचारणार आहे, पण दारं फार आहेत आणि मला काडीवरून ओळखता येत नाही हे आता सगळ्यांना कळलं आहे. तू कुणाकुणाला दिलीस ते आठवून कळव. एकाचं नाव पुरे. महिनाअखेरीच्या आत हवं.

लवकर लिही.