फळा कोणी लिहावा आणि कोणी पुसावा

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी एका दैनिकाचा सहसंपादक आणि आता फक्त आमच्या कोपऱ्यावरच्या फळ्याचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "काका, डोकं ठणठणीत आहे. हृदयाचं मात्र मी काही लिहून देत नाही." त्या हृदयापायीच ही घाई. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट हा विषय निघाला की मुलगी उठून आत जाते.

ज्याला काही मिळणार आहे त्याने मजकूर लिहू नये, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे. म्हणून स्वतःच लिहितो. अक्षर वाकडेतिकडे येते, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

१. राहते घर, म्हणजे रस्त्याकडची खोली, मागच्या दोन खोल्या आणि गच्ची, मी स्वतःच्या कमाईतून घेतले. ते मुलीचे. तिच्या आईचे आजारपण तिनेच काढले, माझेही तीच काढते आहे, आणि वर शाळेतली नोकरी. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. तीत भांडण्याइतके काही नाही.

२. रेडिओ समोरच्या शिंप्याला द्यावा. बातम्या लागल्या की तो मशीन थांबवतो. बातमीला एवढा मान देणारा माणूस हल्ली माझ्या पाहण्यात दुसरा नाही. माझ्या लेखांची कात्रणे रद्दीत घालावीत. त्यांचे पुस्तक काढण्याची कोणाला हौस आली तर ती आवरावी.

३. दैनिकाचे मालक, ज्यांना आम्ही सारे सिमेंटवाले म्हणतो, त्यांच्याविषयी. पेपर विकत घेतल्यावर त्यांनी पहिले काय केले, तर माझे रोजचे सदर बंद केले. मी सिमेंटच्या भाववाढीवर लिहिले होते. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "लिहा हो, तुम्हाला कोण अडवतंय? जरा हवापाण्यावर लिहा." मी गेल्यावर माझ्या निधनाची बातमी त्यांच्या पेपरात जाहिरातीच्या दराने छापतील. तसे पैसे कोणी भरू नयेत. मात्र सिमेंटवाले स्वतः भेटायला आले तर त्यांना बसवावे, चहा द्यावा. राग माझा आहे, घराचा नाही.

४. फळा. सदर गेल्यावर मी रस्त्याकडच्या भिंतीवर काळा फळा ठोकला आणि रोज सकाळी पेपर वाचून त्यावर खडूने लिहू लागलो. दिवे लागले की तो पुसायचा, म्हणजे उद्या नवे लिहावे लागते. नियम दोनच. काल काही चुकले असेल तर आज पहिली ओळ त्याची. आणि ज्याच्यावर लिहायचे, त्याचे म्हणणे आधी विचारायचे.

उदाहरणादाखल आजचाच फळा: "मंत्री म्हणतात महागाई घटली. त्यांच्या घरचा बाजार कोण आणतं, हे विचारायला फोन केला. साहेब बैठकीत आहेत. पंख्याच्या कारखान्यानं दोनशे माणसं काढली आणि त्याच दिवशी उत्तम मालक म्हणून बक्षीस घेतलं. व्यवस्थापक म्हणाले, ही कपात नाही, पुनर्रचना आहे. वाहिन्यांवर दिवसभर एका नटाचा घटस्फोट. काढलेल्यांपैकी एकाच्याही दारात कॅमेरा गेला नाही."

५. मुलगा. तो सिमेंटवाल्यांच्याच वाहिनीवर सातच्या बातम्या वाचतो. नदीवरचा नवा पूल पडला, माणसे गेली, आणि चौकशी सुरू होण्याआधीच त्याने वाचले की पूल मजुरांच्या हलगर्जीपणामुळे पडला. पुलाचे सिमेंट कोणाचे, हे त्या बातमीत नव्हते. त्या संध्याकाळपासून आमचे बोलणे बंद आहे. सबब त्याने फळ्याला हात लावू नये, आणि माझ्यामागे या घरात वारस म्हणून उभे राहू नये.

इथपर्यंत लिहून मी मुलीला वाचून दाखवले. ती या वेळी उठून गेली नाही.

"दादाला विचारलंत?"

"काय विचारायचं त्याला?"

"नियम तुमचाच आहे ना, बाबा? मंत्र्याच्या ऑफिसात फोन लावता. पोटच्या पोराबद्दल लिहिताना नाही लावायचा?"

तिने फोन लावून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मी म्हणालो, "तुझ्याबद्दल एक मजकूर लिहिलाय. तुझं म्हणणं हवंय."

"फळ्यावर?"

"मृत्युपत्रात."

तो म्हणाला, "वाचा."

मी वाचले. तो म्हणाला, "यात खोटं काही नाही. कागद हातात आला तेव्हाच कळलं होतं की हे बनवलेलं आहे. तरी वाचलं. ते कलम राहू द्या." मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाला, "दुसऱ्या दिवशी गाडी लांब उभी करून फळा वाचायला आलो होतो. मालकावर लिहिलंत, वाहिनीवर लिहिलंत. माझं नावच नव्हतं. अजूनही अधूनमधून येऊन बघतो. एकदा तरी माझ्यावर लिहायचं होतंत, बाबा. भांडायला म्हणून तरी घरात आलो असतो."

नाव गाळून मी त्याला सांभाळून घेतले, असे मला वाटत होते. त्याला ते दार लावून घेतल्यासारखे लागले. माझा या मुलावर जीव आहे. असे कायद्याच्या कागदात लिहितात की नाही, ठाऊक नाही. मी लिहिले आहे.

६. सबब कलम पाच रद्द. ते खोडत नाही. चूक वाचता येईल अशीच ठेवायची, हीच आमची रीत. फळा दोघांचा. लिहावा मुलीने, तिच्या मताने. माझ्या मताची ओझी तिने वाहू नयेत. पुसावा मुलाने, दिवेलागणीला, सगळा वाचून झाल्यावर, आणि हे आजपासूनच. त्याच्या बातम्यांची वेळ नेमकी तीच आहे, हे मला माहीत आहे. त्याने काय करावे, ते मी सांगत नाही.

मी जाईन त्या दिवशीचा फळा मात्र मुलाने लिहावा. मी कसा होतो ते लिहावे, गुळमुळीत नको. पण नियम त्यालाही लागू आहे. ज्याच्यावर लिहायचे त्याला आधी विचारावे लागते, आणि माझ्या बाबतीत ते मी आहे तोवरच जमेल. मी घरीच असतो.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

ठिकाण : राहते घर, फळ्यामागची खोली
दिनांक : २० जून २०२५, सायंकाळी सात

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार १ : (सही) दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) शेजारचे निवृत्त साहेब, फळ्याविरुद्ध लेखी तक्रार करणारे

साक्षीदार १ यांच्या हातची नोंद : सहीच्या वेळी मृत्युपत्र करणाऱ्यांचा मुलगा हजर होता. त्याला यातून मिळणार असल्याने साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली नाही. तो बाहेर फळा पुसत होता.