माझ्या मरणावर पाळकांचा हक्क नाही

दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. मी दुकानाच्या मागच्या बाकावर पाच किलोचा तराजू शून्यावर आणत होतो. काटा शून्यावर आला, दोन्ही पारडी थांबली, तेव्हा हात पुसून हे लिहायला बसलो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सव्वीस, धंदा वजनकाटे दुरुस्ती, शिक्षण आठवी (सहामाहीपर्यंत), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मी नशेत नाही, कोणाच्या दबावाखाली नाही आणि माझ्यात कोणताही दुष्ट आत्मा शिरलेला नाही. शेवटचे मुद्दाम लिहीत आहे, कारण पाळकांनी व्यासपीठावरून याच्या उलट सांगितले आहे. गुरुवारी दुपारी मी इस्पितळात दाखल होणार आणि शुक्रवारी सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार. मी डॉक्टरबाईंना विचारले, शंभरातले किती उठत नाहीत? त्या म्हणाल्या, दोन, फार तर तीन. मी म्हणालो, लिहून द्या. त्या हसल्या, पण दिले लिहून. तो कागद या मृत्युपत्राला टाचला आहे. तो कोणी सुटा करू नये.

कलम १. राहती खोली भाड्याची आहे, त्यामुळे ती देण्याची ऐट मला करता येत नाही. अनामत परत मिळेल ती ताईची. लोखंडी कपाट आणि आईची शिवणाची पेटीही ताईची. कपाटाचे दार वर उचलून ओढावे लागते, हे तिला माहीत आहे. आईची उशी मात्र कोणाला देऊ नये. का, ते पुढे येईल.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पाच पेचकस, दोन कानशी, चिमटा, भिंग आणि पितळी वजनांचा लहान संच. हत्यारे दुकानात जो नवीन माणूस लागेल त्याला द्यावीत. भिंगाची दांडी मी दोऱ्याने बांधली आहे, ती तशीच राहू द्यावी. पितळी संच माझ्या भाचीला. ती त्याचा मनोरा रचते. मालकांना मी काहीच ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवले तर ते टिकत नाही असे मला कळले. हे सांगितल्यावर मालक म्हणाले, "मग मी कशाला सही करू?" त्यांचा मोठा पाना माझ्याकडे तीन वर्षे पडून आहे. तो परत करत आहे. परत करणे म्हणजे देणे नव्हे.

कलम ३. तीन वह्या. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने बसून वाचावे.

रंगाच्या दुकानावर आमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रार्थनेचा हॉल आहे. अरुंद जिना, दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या. उपदेश झाला की पाळक एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून भविष्यवाणी करायचे. माझे अक्षर चांगले आणि शुद्धलेखन पक्के म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. स्पीकरच्या बाजूला लहान टेबल, त्यावर वही. लोक मला वहीवाला म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. पाळकांचा नियम असा होता: आधी पेन्सिलने लिहायचे. शब्द, म्हणजे भविष्यवाणी, खरा ठरला की त्यावर शाई फिरवायची. सहा महिन्यांत ठरला नाही तर खोडायचा. "पान स्वच्छ ठेवावं, बाळा," असे ते म्हणत. मला वाटले, टापटीप आहे.

वर्षाच्या शेवटी ते वही उंच धरून विचारत, हिच्यात एक तरी खोटा शब्द दाखवा. तो नसायचाच. असेल कसा? खोडरबर माझ्या खिशात होते.

आमच्या धंद्यात दरवर्षी निरीक्षक येतो. प्रत्येक वजनावर त्याचा शिक्का लागतो. किलोमागे पन्नास ग्रॅम कमी भरले तर वाणी दंड भरतो, मग तो कितीही देवभोळा असो. मालक म्हणतात, वजन खोटे निघाले तर ते वितळवतात, गिऱ्हाइकाचा विश्वास कमी पडला असे कोणी म्हणत नाही. शास्त्रातही संदेष्ट्याची कसोटी इतकीच सरळ आहे: देवाचे नाव घेऊन सांगितले आणि घडले नाही, तर देव बोललाच नव्हता. हे मी लहानपणी पाठ केले होते. पाठ केलेले काय कामाचे, जर हातात रबर असेल.

माझ्या आईच्या हृदयात अकरा वर्षे धातूची झडप होती. रक्त पातळ राहावे म्हणून रोज एक गोळी. गेल्या वर्षी जूनमध्ये पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, देवाने या बाईला नवे मांसाचे हृदय दिले आहे, आता गोळी म्हणजे अविश्वास. गोळ्या व्यासपीठावर आणून ठेवायला सांगितले. आईचे गुडघे दुखत, म्हणून डबा ताई घेऊन गेली. वाक्य मी लिहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा वाजवत होती.

एकोणचाळीस दिवसांनी आई गेली. झडपेत रक्ताची गुठळी.

आवरताना तिच्या उशीच्या खोळीत गोळ्यांची एक पट्टी सापडली. त्यातल्या दोन गोळ्या नव्हत्या. शेवटी घाबरून घेतल्या असतील बिचारीने, आमच्यापासून लपवून. ताईने रडत रडत हे पाळकांना सांगितले आणि त्यांनी ते प्रेतापुढे सांगितले: आपल्या या गेलेल्या बहिणीचा विश्वास वाटेत डळमळला. त्या उशीवर डोके ठेवून मी चौदा महिने झोपलो. आईला पुरल्यानंतरच्या सोमवारी पाळक म्हणाले, पान स्वच्छ कर. मी केले. रबराचा भुगा फुंकरीने उडवला. हे लिहिताना मला माझ्या हाताची किळस येते, पण कलम लिहायचे तर पूर्ण लिहावे.

या ऑगस्टमध्ये वीस किलोचे वजन उचलताना मला दम लागला. तपासणीत निघाले की माझी झडप जन्मापासूनच सदोष आहे. घराण्यात चालत येते. डॉक्टरबाईंनी बजावले, बहिणीला आणि तिच्या मुलीलाही तपासून घ्या. २६ ऑक्टोबरच्या रविवारी पाळकांनी मला पुढे बोलावले आणि ऑपरेशन नाकारून साक्ष दे म्हणाले. मी चार वर्षांत त्या हॉलमध्ये मोठ्याने बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "पाळकसाहेब, आईच्या वेळी चुकलं होतं. आधी ते सांगा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांची अंगठी टोचत होती. म्हणाले, "हा कळप सोडून सुरीकडे जाईल आणि त्या टेबलावरून उठणार नाही." मग खाली वाकून मला म्हणाले, "लिही."

मी लिहिले. हाताला सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात वह्या उघडल्या. मी दाबून लिहितो, शाळेत त्यासाठी मारही खाल्ला आहे. खोडले तरी खळगी राहते. पेन्सिल आडवी धरून पाने घासली की अक्षरे पांढरी वर येतात. सहा दुपारी लागल्या. चार वर्षांतल्या, सहा महिन्यांची मुदत संपलेल्या नोंदी, माझी धरून, दोनशे बारा. शाई लागलेल्या सत्तावीस, आणि त्यातल्या एकवीस 'घरी निरोप येईल', 'प्रवास घडेल' अशा, ज्या पोस्टमननेही सांगितल्या असत्या. खोडलेल्या एकशे चौऱ्याऐंशी. पैकी एकशे एकेचाळीस वाचता आल्या. कोणाला मूल होणार होते, कोणाचा मुलगा घरी परतणार होता, कोणाची गाठ विरघळणार होती. त्या सगळ्यांवर मी तारखेसह शाई फिरवली. आईच्या नोंदीवरही. उरली एक, माझी. आज दुपारी दोन वाजता तिच्यावरही शाई फिरवली.

मालक भडकले. "अरे वेड्या, मेलास तर हेच त्यांचं प्रमाणपत्र होईल." खरे आहे. पण जगलो आणि ती पेन्सिलीत असली, तर आणखी एक पान स्वच्छ होईल. ते मला चालणार नाही.

वह्या मी माझ्या पैशाने घेतल्या आहेत, पावत्या आहेत, त्या पाळकांच्या नाहीत. त्या मंडळीतल्या लोकांच्या, ज्यांची नावे त्यात आहेत त्यांच्या. दुकानातल्या काचेच्या कपाटात, शिक्क्याच्या वजनांशेजारी ठेवाव्यात. कोणीही यावे, आपली ओळ पाहावी. अट एकच: माझी ओळ ज्याला वाचायची असेल त्याने आधीच्या एकशे एकेचाळीस मोठ्याने वाचाव्यात.

कलम ४. माझे मरण मी माझ्या मालमत्तेत धरतो. ते मी पाळकांना देत नाही. उपदेशात, साक्षीत, माईकवर किंवा फोनवरच्या संदेशात ते वापरण्याचा त्यांना हक्क नाही. मी शुक्रवारी गेलो तर शंभरातल्या त्या तिघांपैकी एक म्हणून गेलो. राहिलेले दोघे कोणाचा कळप सोडून आले होते, ते पाळकांनी आधी सांगावे. माझे भांडण देवाशी नाही. त्याच्या नावाची खोटी सही करणाऱ्याशी आहे. पुरताना पाळक नकोत. कोणीही साध्या माणसाने प्रार्थना म्हणावी. तीत भविष्यकाळ कमी असावा.

कलम ५. ताई. परवा रविवारी ती खोलीवर आली होती. भाची जमिनीवर वजनांचा मनोरा रचत होती.

"पाळक बोलून गेलेत," ताई म्हणाली. "देवाची परीक्षा कशाला बघतोस?"

"आईच्या वेळीही बोलले होते."

"आईने दोन गोळ्या घेतल्या होत्या रे."

"ताई, ती दोन गोळ्या घेतल्या म्हणून गेली, की बाकीच्या घेतल्या नाहीत म्हणून?"

ती उठली. पोरीच्या स्वेटरची बटणे लावू लागली, ती खालीवर लागली. मी भाचीच्या तपासणीचे विचारले. दारातून ती म्हणाली, "शुक्रवारी तुझं काय होतं ते बघू, मग ठरवू."

म्हणजे सहा वर्षांच्या पोरीचे हृदय माझ्या शुक्रवारवर टांगले आहे. मी मेलो तर पाळक खरे ठरणार, आणि पाळक खरे ठरले तर ती पोर डॉक्टरपर्यंत पोचणार नाही. हे मृत्युपत्र मी त्यासाठी लिहिले आहे, कपाटासाठी नव्हे.

म्हणून: बँकेतली सगळी शिल्लक भाचीच्या औषधपाण्यासाठी आणि शिक्षणासाठी, मालकांच्या देखरेखीखाली. तिची तपासणी गुरुवारी सकाळी साडेदहाला ठरवली आहे. पैसे भरले आहेत. गुरुवारी, शुक्रवारच्या आधी. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, पण हे मी उद्या बुधवारी ताईच्या हातात देणार आहे आणि ती वाचेपर्यंत समोर बसणार आहे. ताई, डबा तू नेलास, वाक्य मी लिहिले आणि पान मीच खोडले. तुझ्यापेक्षा माझा वाटा मोठा आहे. पोरीच्या बाबतीत आपल्या दोघांपैकी कोणी पेन्सिल हातात घ्यायची नाही. तिला फक्त इस्पितळाचा जिना चढवून ने.

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले, दोनदा वाचले, एक शब्द खोडला नाही.

सही: (वहीवाला)

साक्षीदार पहिले: वजनकाटे दुरुस्ती दुकानाचे मालक. (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे शिंपीकाका. यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि विचारले, हे मृत्युपत्र आहे की फिर्याद? मी म्हणालो, कागद एकच होता. (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक वरीलप्रमाणे, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे.

सोबत हिशेब.

खर्च: आईच्या बरे होण्यासाठी मंडळीत 'विश्वासाचे दान', चौदा हजार दोनशे. वह्या तीन, दोनशे सत्तर. खोडरबर सहा, तीस. शाईची बाटली एक, पंचेचाळीस. भाचीची तपासणी, अठराशे.

देणे: वाण्याचे तीनशे दहा. उद्या देतो.

येणे, पाळकांकडून: चौदा हजार दोनशे, सोडून दिले. एक वाक्य, 'मी देवाच्या नावाने खोटे बोललो', रविवारी, सगळ्यांसमोर, माईकवरून. हे सोडलेले नाही. शुक्रवारी उठलो तर वसुलीला मी येईन. नाही उठलो तर वही आहे.