डावं चाक तापलं तेव्हा

शनिवार, संध्याकाळ

आसेगावच्या वळणावर जीप थांबवली, तेव्हा मागे जोडलेल्या आमच्या फिरत्या घराचं डावं चाक गुरगुरत होतं. शाळेतल्या सिस्टर ताप पाहायच्या तशी मी हाताची पाठ चाकाच्या मध्यभागी लावली. चटका बसला. उजवं नुसतं कोमट. हळूहळू घरी आलो.

यांनी जॅक लावून चाक फिरवलं. घरघर. मागच्या आठवड्यात बेअरिंगला ग्रीस भरून यांनीच नट आवळला होता, अगदी जीव खाऊन. तो किंचित सैल ठेवायचा, नाहीतर बेअरिंग तापतं, हे मला यांनीच शिकवलेलं! ते विसरले, की बोटांना कळलंच नाही?

"आता माह्यानं होत नाही. इकून टाकू हे घर," पाठमोरेच म्हणाले.

"मले इचारलं का?" माझ्या तोंडी वऱ्हाडी ऐकून ते नेहमी हसतात. आज नाही.

विकायचं? निवृत्तीनंतर एकेक पत्रा ठोकून यांनीच बांधलेलं. त्याच्या खिडकीतून तलावांवरच्या किती सकाळी पाहिल्या आम्ही... तो चटका अजून हाताला आहे.

मग पाना मीच घेतला. बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं. रोलर तापून निळे पडले नव्हते, म्हणजे वाचलं. नवं ग्रीस भरलं, चाक फिरवत नट आवळला, जरा मागे घेतला, पिन घातली. चाक आवाज न करता फिरत राहिलं, कितीतरी वेळ. मी बघतच बसले.

"उद्या पोहरादेवीपर्यंत नेऊन पाहू. तिथं चाकाला पुन्हा हात लावून बघीन," मी म्हटलं.

मी हात धुऊन आले, तर ते फिरत्या घराच्या टाकीत पाणी भरत होते.