पंचावन्न इंच आणि एक वाकडी रेघ

अण्णा, शनिवारी मी टीव्ही घेतला. पंचावन्न इंची. तुमच्या वेळी आपण वीस इंचीला मोठा म्हणायचो आणि तो उचलताना तुमची पाठ धरायची. हा दोघांनी पाटासारखा उभा धरून वर आणला, मागून बघितलं तर इतका सपाट की आत काही असेल असं वाटतच नाही. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हा परवानगी मागायचा प्रश्न नव्हता. पण साकीनाक्याच्या गाळ्यात ज्यांनी आयुष्यभर टीव्ही जोडले त्यांच्या मुलीने दुकानात विक्रेत्याच्या तोंडाकडे बघत उभं राहावं, हे तुम्हाला कळायला हवं. शाळेत संस्कृत शिकवून माझ्याजवळ जी काही विद्या जमली आहे, तिचं तिथे कोणी काही विचारलं नाही. तुम्ही म्हणायचातच, "देवांशी बोलायला शिकलीस, आता मेकॅनिकशी बोलायला शीक." ते राहिलं.

टीव्ही आईसाठी घेतला. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे ती आमटीच्या वाटीकडे बघते तेव्हा वाटी नसते, शेजारचा चमचा असतो. माझ्याकडे बघते तेव्हा मी नसते, मागचं कॅलेंडर असतं. डोळ्यात इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. आईने कशाचीच तक्रार केली नाही, एकदाच म्हणाली, "माणसांची तोंडं दिसली असती ना जरा, तर बरं झालं असतं." मी डॉक्टरांना विचारलं, मोठ्या टीव्हीचा उपयोग होईल का. ते म्हणाले, मोठा पडदा, जवळ बसल्या, तर थोडा होईल. त्या वाक्यातला 'थोडा' मी दवाखान्यातच सोडला आणि 'मोठा' तेवढा घेऊन घरी आले.

घाटकोपरच्या त्या दुकानात एका भिंतीवर तीसेक टीव्ही आहेत आणि सगळ्यांवर एकच पोपट पंख फडफडवतोय. प्रत्येक पोपट आदल्या पोपटापेक्षा हिरवा. विक्रेता माझ्याच वयाचा, टाय बांधलेला, सभ्य माणूस. त्याने नावं सांगायला सुरुवात केली. एकाच वस्तूला इतकी नावं मी विष्णूनंतर पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तिथे निदान शेवटी फलश्रुती असते. मी म्हटलं, "ह्याचा रंग पूर्ण काढून दाखवा." तो म्हणाला, "रंग काढून? मॅडम, रंगाचेच तर पैसे आहेत." मी म्हटलं, "आधी माणसाचं तोंड बघायचंय, मग साडी." हे वाक्य तुमचं आहे हे त्याला कुठून माहीत असणार. गाळ्यातून सेट बाहेर पडायच्या आधी तुम्ही रंगाचं बटण शून्यावर आणायचात. काळ्यापांढऱ्यात ज्याचा चेहरा नीट, तो सेट पास. बिचाऱ्याने रिमोटवर आठ-दहा ठिकाणी शिरून एकदाचा रंग घालवला. पोपट राखाडी झाला. "मॅडम, मलाच कसंतरी होतंय," तो म्हणाला. मलाही होत होतं, कारण राखाडी पोपटाकडे बघून मला काहीही कळलं नाही. तुमची कसोटी मला पाठ होती, तिचं उत्तर पाठ नव्हतं.

मग आईलाच विचारलं. ती स्टुलावर बसून शांतपणे ऐकत होती. पहिला टीव्ही दाखवला, म्हणाली, "बरा आहे." दुसरा, "ठीक." तिसरा, "हा छान. एकदम स्वच्छ." मी खूश झाले. पण नंतरच्या एका स्वस्त टीव्हीला ती "ह्याहून छान" म्हणाली, तेव्हा लक्षात आलं की विक्रेत्याने किंमत सांगितली की मगच तिचं मत तयार होतंय. "आई, तू टीव्ही बघतेयस की भाव?" "भाव ऐकू येतो गं," ती म्हणाली, "त्याला डोळे कशाला लागतात?" विक्रेता हसला. शेवटी कपाट आणि दार यांच्यामध्ये जेवढी भिंत आहे तेवढा, आणि माझ्या बोनसमध्ये बसेल असा एक घेतला. निवड म्हणायची ती भिंतीने केली.

आपल्या घरी रविवारी कोणाचा ना कोणाचा सेट दुरुस्तीला असायचा, ते आठवतं का? स्वयंपाकघरात जमिनीवर सेट, मागचं झाकण काढून तुम्ही मागे, आणि समोर आई मांडीवर आरसा धरून बसलेली, म्हणजे मागे बसून तुम्हाला पडदा दिसावा. पडद्यावर वहीच्या चौकटींसारख्या उभ्याआडव्या रेघा. कुकरची शिट्टी होतेय, आणि तुम्ही विचारताय, "आता?" आरसा समोर असूनही तुम्ही तिलाच विचारायचात. "डावीकडची वाकतेय. अजून. हां, थांबा. सरळ." ती सरळ म्हणाली की तुम्ही हात काढून घ्यायचात. एकदा ती भाकऱ्या थापत होती म्हणून आरसा माझ्याकडे आला. मला खाली खेळायला जायचं होतं. न बघताच मी "सरळ आहे" म्हटलं. तुम्ही उठून पुढे आलात, पडदा बघितलात, आणि आवाज न चढवता म्हणालात, "न बघता सरळ म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन ते वाकडं दिसतं." मला खेळायला पाठवलंत, ही तर आणखी मोठी शिक्षा.

नवा टीव्ही लागला तेव्हा आईने नारळ ठेवायला सांगितला. तिची खुर्ची मी भिंतीपासून हातभर अंतरावर ओढली. बातम्या लावल्या. आई खिडकीकडे बघत बसली. "आई, टीव्ही इकडे आहे." "तिकडे बघितलं की इकडचं दिसतं," ती म्हणाली, जसं काही सगळेच तसं बघतात. मी विचारलं, "बातम्या देणारी दिसतेय?" "साडी निळी आहे. तोंडाच्या जागी धुकं." मनात आलं, पंचावन्न इंचांत धुकंही मोठं घेऊन आलो की काय. बहुतेक तिला माझा चेहरा न बघताच कळतो आता, कारण ती लगेच म्हणाली, "धुकं होतं तेवढंच आहे गं. तोंड मोठं झालं ना, म्हणून कडेने कान बाहेर आलाय. हिच्या कानात कुड्या आहेत." कुड्या होत्या. तेवढे कान आम्हाला मिळाले. तेव्हापासून आई रोज मला कानांचं वर्णन सांगते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन दिवाळ्यांपूर्वी, जुना बत्तीस इंची टीव्ही बघताना आई म्हणाली होती, "दाराची चौकट वाकतेय गं ह्याच्यात. कोणाला तरी बोलाव." मला दिसेना, पण रेघेच्या बाबतीत ह्या घरात शब्द तिचा. आपल्या घरात रेघ वाकली तर दोष सेटचा. बघणाऱ्याचा असू शकतो हे कोणी कधी शिकवलंच नाही. मेकॅनिक आला, त्याने बघितलं, म्हणाला, "ताई, हा टीव्ही बंद पडेल, फुटेल, पण ह्यात रेघ वाकत नाही. वाकण्यासारखं आत काही नसतंच." मी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर आईला म्हटलं, "ह्याला काही येत नाही. अण्णा असते तर दोन मिनिटांत सरळ केली असती." आई म्हणाली, "हो ना." आम्ही दोघींनी तुमच्या आठवणीत त्या माणसाला यथेच्छ नावं ठेवली, नवा टीव्ही पुढच्या वर्षी घेऊ असं ठरवलं, आणि आई आणखी आठ महिने वाकडी चौकट बघत राहिली. एकेक डोळा झाकून बघितलं असतं तर दोष टीव्हीचा नाही, डोळ्याचा आहे हे कळलं असतं. झाकायला आईचे डोळे होते, माझा तळहात होता.

त्या आठ महिन्यांनंतर दवाखान्यात डॉक्टरांनी तिला एक कागद दाखवला. त्यावर चौकटी होत्या, अगदी तुमच्या पडद्यावर असायच्या तशा. एक डोळा झाकून आई, सेटमागे बसलेल्या तुम्हाला सांगायची तशीच, म्हणाली, "मधे वाकलंय. हाइट जरा कमी करा." डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, केव्हापासून असं होतंय? मी म्हटलं, "दोनेक महिने." आईने माझ्या हातावर हात ठेवला. जी बाई तुमच्याशी केसभर रेघेसाठी भांडायची, ती बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बरं झालं असतं. तेही दोन महिन्यांच्या हिशेबाने म्हणाले.

तो आरसा अजून आहे, कडा काळ्या पडल्यात, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय. हे पत्र त्याच्यामागे ठेवते. आईला आता वाचता येत नाही, तेव्हा टेबलावर उघडं ठेवलं तरी चालेल. तरीही मी ते चार घड्या घालून ठेवतेय.