लुचेर्तोलाचं दार

चिंचवड, २ जून २०१३

चि. यशोधन यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहितोय, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी आई ऐकू देत नाही.

तू डिझाइन केलेल्या इटालियन मोटारीचा फोटो शोकेसमध्ये आहे. शकुआत्या अजून म्हणते, लुचेर्तोला म्हणजे पाल, मोटारीला पालीचं नाव ठेवतात का कधी! पण येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो तीच दाखवते. न्यूझीलंडच्या रस्त्यांवरच्या चाचण्या संपल्या का? गाडी बाजारात कधी येणार, असं शेजारचा विश्वनाथ रोज विचारतो. सोसायटीच्या गणेश मंडळाने यंदा तुझा सत्कार ठरवलाय. शाल, नारळ, सगळं. तिकीट काढ.

एक विचारायचं होतं. फोटोत पुढचं चाक मडगार्डात अगदी चिकटून बसलंय. वळताना घासत नाही का रे?

आमची माया आहेच, तुझं पत्रही येऊ दे.

तुझा,
बाबा

पेनरोज, ऑकलंड, २३ जून २०१३

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. बाबा, चाचण्या वगैरे काही नाहीत. लुचेर्तोला फक्त प्रदर्शनासाठी केलेली एकुलती एक गाडी होती. इंजिनसुद्धा नव्हतं तिला. पुढे ती कधी निघालीच नाही, आणि दीड वर्षापूर्वी इटलीतला आमचा अख्खा डिझाइन विभाग बंद झाला. इथे एका शेडमध्ये मी दुधाच्या ट्रकच्या फायबरच्या बॉड्या घासतो. व्हिसा याच मालकाच्या नावावर आहे. नोकरी सोडली की देश सोडायचा. आणि घरी यायचं तर शोकेसमध्ये तो फोटो. जाऊ कुठे? इथले लोक चांगले आहेत हो, सगळ्याला ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘मस्तच’, म्हणतात. मीही म्हणतो, आणि रूमवर येऊन रडतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गाडी ढकलत स्टेजवर नेली. ब्रेक दाबायला मला आत बसवलं. दाराला आतून हँडलच नव्हतं. गाडी जागेवर लागली आणि सगळे मला विसरून जेवायला गेले. हाक मारायची लाज वाटली, म्हणून दोन तास तसाच वाकून बसून राहिलो. इथेही तसाच बसलोय.

सत्कार रद्द करा. आईला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

माया कमी करू नका, एवढंच मागणं.

आपला,
यशोधन

चिंचवड, ८ जुलै २०१३

चि. यशोधन यास अनेक आशीर्वाद.

गाढवा, ते चाक फोटोत पाहिलं त्याच दिवशी मला कळलं होतं. चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले मी. चाकाला वळायला जागाच नाही, ती गाडी रस्त्यावर येणार कशी? पण तोवर सोसायटीभर पेढे वाटून बसलो होतो. मलाही मागे फिरता येईना. मग आडून आडून तुलाच विचारत राहिलो, तू सांगशील म्हणून. चुकलं माझं.

आपल्या माळ्यावर माझ्या स्वतःच्या कल्पनेचे अकरा पॅटर्न पडलेत. एकाचंही कधी ओतकाम झालं नाही. तुला मी ते अडगळीचं सामान म्हणून सांगत आलो. येशील तेव्हा दोघं मिळून खाली काढू.

काल मंडळाच्या सभेत उभं राहून सगळं सांगितलं. मग विश्वनाथ म्हणाला की सत्कार राहू दे, पण पोरगा आरतीला तरी येणार ना? आई रडली, आणि लगेच तुझ्या खोलीतली गादी झटकायला गेली.

राहायचं तर राहा, यायचं तर ये. आमचं प्रेम दोन्हीकडे तेवढंच. पण पुन्हा असा कुठे कोंडला गेलास तर लाजायचं नाही, जोरात हाक मारायची. परवाच मी कानाला मशीन बसवून घेतलंय.

तुझा,
बाबा